चार काठ्यांची गाडी

कमलाकांत डॉक्टरांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी त्यांची फियाट पालघरच्या घरामागे चिंचेखाली उभीच होती. खाऱ्या हवेनं तिचा तळ खाऊन टाकला होता. मागच्या सीटखाली हात घातला की थेट जमीन लागायची. ड्रायव्हर दादू अधूनमधून येऊन ती पुसायचा, इंजिन चालू करून बघायचा. पुढे इंजिनानंही दाद देणं सोडलं. शेवटी डॉक्टरांच्या पत्नी चंद्रकांताबाईंनीच मन घट्ट केलं आणि बोईसरच्या भंगारवाल्याला निरोप धाडला.

गाडी जाण्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो नंबरात.

नंबर होता अकराशे अकरा. एकाहत्तर साली गाडी घेतली तेव्हा डॉक्टरांनी ठाण्याला खेपा घालून तो मागून घेतला होता. केळवे, एडवण, दातिवरे या किनाऱ्यावरच्या गावांत त्यांच्या फेऱ्या असत. तिकडच्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. येणारी गाडी डॉक्टरांची की कुणा शेटजीची, हे कळेपर्यंत ती निघून गेलेली असायची. इंग्रजी एकाचे चार आकडे म्हणजे नुसत्या चार उभ्या रेघा. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या वलांडीचे बांबू ओळीनं रोवलेले असतात, अगदी तशा. कोळणींनी वर्षभरात गाडीचं नाव ठेवलं, चार काठ्यांची गाडी. काठ्या दिसल्या की बाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहायची आणि गाडी थांबायची. डॉक्टर जेवायला निघालेले असोत नाहीतर कुणाच्या लग्नाला, दादूला कधी सांगावं लागलं नाही. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. गाडीतून नेण्याचे पैसे डॉक्टरांनी कधी कुणाकडून घेतले नाहीत.

दादू स्वतः दातिवऱ्याचा, कोळ्याचा मुलगा. पण त्याला होडी लागायची. खाडीचं तोंड ओलांडलं की ओकाऱ्या सुरू. बापानं वैतागून त्याला डॉक्टरांच्या पायाशी आणून बसवला, तेव्हा तो विशीतही नव्हता. गाडी चालवायला डॉक्टरांनीच शिकवलं आणि पुढे लायसनही काढून दिलं. गावात त्याचे भाऊबंद तांडेल झाले, बोटीवर हुकूम चालवू लागले. पण डॉक्टरांच्या शेजारी बसून येणाऱ्या दादूचा मान वेगळाच होता.

गाडी मोडीत काढण्याआधी बाई त्याला घेऊन ठाण्याच्या आरटीओत गेल्या. मुलगी मंदा मुंबईला नोकरीला होती. कधीतरी ती गाडी घेईल, तोवर हा नंबर आमच्या नावावर राखून ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. तिथला कारकून बोलायला चांगला होता. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तशी सोय नाही. गाडी मोडली की नंबरही गेला. बाईंनी सही केली आणि कागद जमा केले.

भंगारवाला आला त्या सकाळी दादूनं पुढची पाटी आधीच स्क्रू सोडवून काढून घेतली होती. ती त्यानं बाईंच्या पुढ्यात धरली आणि मला द्या म्हणून मागितली. बाईंनी पदरानं पाटीवरची धूळ पुसली.

"घेऊन जा. घरात ठेव, पण दुसऱ्या गाडीला लावू नकोस. लोक हात दाखवतील. दर वेळी थांबणं तुला जमणार नाही."

दादूनं मान डोलावली. नाही लावणार म्हणाला. त्या घडीला ते खरंही होतं.

पुढे तो बायकोला, हंसाला, आणि पोरांना घेऊन बोईसरला राहायला गेला. तारापूरच्या कारखान्यांमुळे तिथे भाड्याच्या गाड्यांना काम होतं. हंसाचे दागिने मोडून आणि भावाकडून थोडं घेऊन त्यानं एक जुनी पांढरी अँबेसेडर विकत घेतली. पण स्टेशनबाहेर तशा चिक्कार गाड्या उभ्या असायच्या. दादूला कोण ओळखणार? दिवसभर गाडीला टेकून उभं राहायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी जायचं, असं बरेच दिवस चाललं. डॉक्टरांच्या गाडीवर असताना ज्याला चहावाला हाक मारून चहा द्यायचा, त्याला इथे कुणी 'ए पांढरी' म्हणून बोलवायचं.

एके दिवशी त्यानं कपाटावरची पाटी खाली काढली आणि अँबेसेडरच्या पुढच्या बाजूला, बंपरच्या वर बसवली. गाडीचा खरा नंबर मागे तसाच ठेवला. पुढचा त्यानं बंपरखाली नेला, वाकल्याशिवाय दिसणार नाही असा. हंसानं विचारलं, बाईंना चालेल का हे. डॉक्टरांची आठवण म्हणून लावतोय, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. पण ती पाटी पुसत असताना चार माणसांनी बघावं असंही त्याला वाटायचं.

आणि माणसं बघू लागली. पालघरच्या नाक्यावरच्या हवालदारानं गाडी अडवली, पाटी बघितली, खाली वाकून खरा नंबरही बघितला. मग हसला. माझ्या आईला त्या डॉक्टरांनीच वाचवलं म्हणाला, आणि जाऊ दिलं. केळव्याच्या रस्त्यावर म्हातारी माणसं हात उंच करायची. सुरुवातीला दादू खरोखरच थांबायचा. एका शाळामास्तरांना दम्याची उबळ आली होती, त्यांना त्यानं दवाखान्यात पोचवलं. एका बाळंतिणीला तर भर पावसात घरी नेऊन सोडलं. त्या दिवसांत तो घरी आला की हंसाला सगळं रंगवून सांगायचा.

त्याच नंबरामुळे एका कंपनीचं कायमचं काम मिळालं. तिथल्या मॅनेजरसाहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की ही गाडी भरवशाची, पोलीससुद्धा सलाम करतात. साहेब उत्तरेकडचे, स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी सीटना पांढरे अभ्रे शिवून घ्यायला लावले. एकदा दादूनं येताना दोन कोळणींना त्यांच्या मासळीच्या पाट्यांसकट आणलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार उघडलं, वास घेतला आणि गाडीत न बसता उभे राहिले. रागावले नाहीत. पुन्हा असं झालं तर मला दुसरी गाडी बघावी लागेल, एवढंच शांतपणे बोलले.

तेव्हापासून दादू रस्त्यावर समोर बघून चालवायला शिकला. हात उंचावलेलं माणूस दिसलं की तो आरशात बघायचा, नाहीतर घड्याळात. बाईंकडे जाणं मात्र त्यानं सोडलं नव्हतं. महिन्यातून एकदा तो मासळी घेऊन जायचा. गाडी तेवढी स्टेशनजवळ उभी करायचा आणि घरापर्यंत चालत जायचा. बाई विचारायच्या, गाडी कुठेय? तो सांगायचा, गल्ली अरुंद आहे, वळवताना त्रास होतो. याच गल्लीत त्यानं दहा-अकरा वर्षं फियाट वळवली होती.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात साहेबांना एडवणकडे सुरूच्या बनालगतची जमीन बघायची होती. बघून होईतो सूर्य बुडाला. परतताना साहेब मागे डोळे मिटून बसले होते. दादूनं दिवे लावले. एडवण गाव मागे पडलं, आणि पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी दिसली. रस्त्यात दोन्ही हात वर करून एक बाई उभी होती.

दिव्यांच्या उजेडात दादूनं तिला ओळखलं. दातिवऱ्याची येसूबाई. त्याच्या बापाच्या घराला लागून तिचं घर. लहानपणी बाप बोटीवर गेला की दादू तिच्याच चुलीपाशी जेवायचा. तिला तो काकी म्हणायचा. बैलगाडीत कुणीतरी आडवं होतं आणि दोन पोरं त्याचा पाय वर धरून बसली होती.

दादूचा पाय ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. येसूबाईनं दिव्यांच्या मधोमध चार काठ्या बघितल्या आणि तिचा चेहरा एकदम निवला. आता गाडी थांबणारच, म्हणून दार उघडायला ती रस्त्यातून बाजूला झाली.

मागून साहेबांनी विचारलं, "क्या हुआ, दादू?"

रस्ता मोकळा झाला होता. दादूला आरशात पांढरे अभ्रे दिसले.

"कुछ नहीं, साब," तो म्हणाला. "गाँववाले हैं. लिफ्ट माँगते हैं."

आणि त्यानं गाडी पुढे काढली.

केळव्यापर्यंत तो स्वतःला सांगत होता की साहेबांना सोडलं की लगेच मागे फिरायचं. बोईसरला पोचल्यावर साहेबांनी घरी आलेल्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला थांबवून घेतलं, आणि तो थांबला. पाहुण्यांना सोडून घरी आला तेव्हा त्यानं ठरवलं की एव्हाना त्यांना दुसरी गाडी मिळाली असणार. हंसानं ताट वाढलं. पोट बरं नाही म्हणून त्यानं ताट बाजूला सारलं.

आठवडा उलटल्यावर तो ताजे बोंबील घेऊन बाईंकडे गेला. नेहमीसारखा चालत. बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि चहा ठेवायला आत जाणार, एवढ्यात फाटकातून येसूबाई आली. केस विस्कटलेले, लुगडं मळलेलं. ती सरकारी दवाखान्यातून आली होती. दादूला बघून तिनं ओळखीची मान हलवली आणि बाईंच्या समोर खाली बसली.

तिनं सांगितलं ते असं. तिचा मुलगा रामा जाळं काढताना पाण्यात उतरला. त्याच्या पोटरीत पाखट माशाच्या शेपटीचा काटा घुसला आणि आत मोडला. रक्त थांबेना, म्हणून पोरांनी वर दोरी आवळून बांधली. यष्टी निघून गेली होती. बैलगाडी जुंपून ते एडवणच्या पुढपर्यंत आले.

"पोरं म्हणली, दोरी सैल करू या काय. मी म्हटलं, नको, रगत जाईल. दवाखाना काय लांब नाय," येसूबाई म्हणाली. "तेवढ्यात तुमची गाडी आली, बाई. चार काठ्या मी माझ्या डोल्यांनी बघितल्या. गाडी हलू झाली. मी दार उघडाया बाजूला झाले, आन् गाडी निघून गेली."

पुढे बर्फाची गाडी यायला मध्यरात्र झाली. दोरी तोवर तशीच होती. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, काट्यानं पाय गेला नसता, दोरी इतका वेळ राहिली म्हणून गेला. काल गुडघ्याखाली कापावा लागला.

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"मी भांडाया नाय आले," येसूबाई म्हणाली. "डॉक्टरांनी माझी दोन बालंतपणं केली, इसरले नाय मी. फकस्त इचारायचं हाय. का नाय थांबली?"

मग ती दादूकडे वळली. "गाडीवर तू होतास काय रे?"

दादूच्या हातात बोंबलांची पिशवी होती. तिच्यातून पाणी गळून ओट्यावर ओघळ आला होता. त्या ओघळाकडे बघत तो म्हणाला, "नाय, काकी. मी आता बोईसरला असतो."

चंद्रकांताबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांची फियाट भंगारवाल्यानं घणानं फोडून नेली होती, ते त्यांनी याच ओट्यावरून बघितलं होतं. पाटी दादूनं मागून नेली होती, हे येसूबाईला ठाऊक नव्हतं. मग त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि येसूबाईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"नंबर आमचाच होता, येसूबाई. थांबायला हवं होतं, थांबली नाही. चूक आमच्या घरची आहे."

डॉक्टरांच्या बायकोनं आपल्यापुढे हात जोडलेले बघून येसूबाईच कानकोंडी झाली. असं नको करू, बाई, असं काहीतरी पुटपुटत ती उठली आणि मुलाकडे जायचंय म्हणून निघून गेली.

दादू उभा राहिला. त्यानं 'बाई, ती पाटी' एवढं म्हटलं.

"पाटी मी दिली," बाई म्हणाल्या. "तिला मी सांगितलं नाही ते तुझ्यासाठी नाही, दादू. ती आता पोराच्या उशाशी जाऊन बसणार आहे. शेजारच्याच मुलानं असं केलं, हे ओझं घेऊन तिनं आत्ता तिथे बसू नये, म्हणून."

त्यांनी बोंबलांची पिशवी घेतली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि त्याला चहाही दिला. तो त्यानं कसा संपवला हे त्याला नंतर आठवेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं मात्र वाटत राहिलं.

त्याच दुपारी त्यानं पाटी उतरवली. हंसाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, मला सांगून काय उपयोग? मी काय येसूकाकी हाय?

दोन दिवसांनी तो दवाखान्यात गेला. येसूबाई खाली पाणी आणायला गेली होती. रामा खाटेवर होता, पंचवीस-सव्वीसचा तगडा गडी, पांघरूण एका बाजूला सपाट पडलेलं. दादूला बघून तो खूश झाला. ये दादूदा, बस म्हणाला. मग इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, तुझ्या ओळखीच्या कंपनीत एका पायाच्या माणसाला काही काम मिळेल का? बसून करायचं. वॉचमनचंसुद्धा चालेल. खरं सांगायचं म्हणून आलेला दादू म्हणाला, विचारून बघतो. येसूबाईची पावलं जिन्यात वाजली तसा तो घाईघाईनं उठला आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडला. कंपनीत त्यानं विचारलं नाही. कुणाचा पाय, कसा गेला, असं साहेबांनी विचारलं असतं तर?

गोष्ट किनाऱ्यावर पसरायला वेळ लागला नाही. डॉक्टर गेले आणि घरची माणसं मोठी झाली, गाडी आता गरिबाला बघून वळते, असं दातिवऱ्यात बोलू लागले. बाईंना मासळी देणारी जमना वर्षानुवर्षं त्यांच्या दारी पाटी उतरवायची, तिनं यायचं बंद केलं. बाई स्वतः बाजारात गेल्या. हंसा त्या दिवशी पालघरला नणंदेकडे आली होती आणि बाजारातच होती. तिनं जे बघितलं ते घरी येऊन सांगितलं. बाईंनी पापलेटाचा भाव विचारला. जमना पाटीवर फडकं टाकत म्हणाली, तुमाला आता आमी दिसतो काय? आजूबाजूच्या बायका हसल्या. बाई पिशवीची घडी करून परत गेल्या.

हे सांगताना हंसा नवऱ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादूनं साहेबांना सुट्टी सांगितली आणि यष्टीनं दातिवऱ्याला गेला. अँबेसेडर घेऊन जायचा धीर नव्हता. रामाला तोवर घरी आणलं होतं. तो आत झोपला होता. येसूबाई किनाऱ्यावर वलांडीपाशी होती, बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत होती. दादू तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिनं टोपली त्याच्याकडे सरकवली, लहानपणी सरकवायची तशी. त्यानं हात लावला नाही.

"काकी, गाडीवर मीच होतो."

तिचे हात थांबले.

त्यानं सगळं सांगितलं. फियाट कशी मोडीत गेली, पाटी त्यानं कशी मागून घेतली, बाईंनी काय बजावलं होतं आणि त्यानं काय केलं.

"गाडीत कोण होता?" तिनं विचारलं.

"कंपनीचा साहेब."

"त्यानं थांबू नको म्हटलं?"

दादूला वाटलं, हो म्हणावं. साहेबाला इथे कोण विचारायला येणार होतं? येसूबाईच्या आवाजातही तशी वाट करून दिलेली होती.

"नाय," तो म्हणाला. "त्यानं काय झालं म्हणून इचारलं. मीच म्हटलं, काय नाय, गाववाले हायत."

येसूबाई समुद्राकडे वळली. ओहोटी होती. बोटी चिखलात कलंडून पडल्या होत्या.

"मला ओलखलंस?"

"ओलखलं."

तिनं हातातला बोंबील टोपलीत टाकला, पदरानं हात पुसले. दादूला वाटलं, आता ती मारेल. मारावं असंही वाटलं. पण ती म्हणाली, "बाईनं माझ्यापुढं हात जोडलं. आन् मी गावभर सांगत सुटले, डॉक्टरच्या घरचे असे, डॉक्टरच्या घरचे तसे. आता माझं तोंड मी कुठं लपवू? मी सांगितलं तसं तू सांग. घरोघर जा. एक घर सोडू नको. मग माझ्या रामाला सांग, सगल्यांच्या शेवटी. त्याला आधी बाहेरून कलू दे. तोंडावर ऐकलं तर तो उठाया बघल, आन् त्याला उठता येत नाय."

दादूनं तसं केलं. सुरुवात थोरल्या भावाच्या घरापासून केली. भाऊ फाटलेलं जाळं तुणत होता. ऐकताना त्यानं मान वर केली नाही, आणि ऐकून झाल्यावर बायकोला आत जायला सांगितलं. मग म्हणाला, बाबा असता तर त्यानं तुला बोटीवरच ठेवला असता, ओकत का होईना. पुढच्या घरी म्हातारी बहिरी होती. तिला सगळं दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं, आणि ते अख्ख्या आळीनं ऐकलं. जमनाच्या घरी तिच्या सुनेनं दार लावून घेतलं. तो बाहेरूनच बोलला. कुणी शिव्या दिल्या. पण बरेचसे नुसते ऐकून घ्यायचे आणि तो निघायची वाट बघायचे. तेच जास्त जड जायचं. ऊन उतरेपर्यंत तो गावातून फिरत होता. त्याच्या पुढे बातमी धावत होती, तरी त्यानं एक घर सोडलं नाही.

रामा उठून बसला होता. दादू उंबऱ्याच्या आत आला नाही. त्यानं बोलायला सुरुवात केली तेव्हा रामा म्हणाला, कळलं मला. आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्या आठवड्यात जमना पुन्हा चंद्रकांताबाईंच्या दारी मासळीची पाटी घेऊन गेली. येसूबाईही गेली होती. ती आणि बाई आत बसून बोलल्या. दादू मात्र त्यानंतर बराच काळ त्या गल्लीत गेला नाही. बाईंनी त्याला एकदा निरोप पाठवला, दिवाळीला ये. तो गेला, पाया पडला. बाईंनी पोरांची चौकशी केली, फराळ बांधून दिला. त्या त्याच्याशी कधीच वाईट वागल्या नाहीत. पण कुठे जायचं झालं तर रिक्षा मागवायच्या.

कंपनीचं काम त्यानं स्वतःहून सोडलं. साहेबांना कारण कळलं नाही. नंतर तो पालघर ते केळवे, एडवण, दातिवरे अशा रस्त्यावर भाडं करू लागला. पांढरे अभ्रे काढून टाकले. रस्त्यात कुणी उभं दिसलं की त्यानं हात दाखवण्याआधीच दादू थांबायचा, काच खाली करायचा. दातिवऱ्याची माणसं त्याच्याकडे बघून मान हलवायची. नको, यष्टी येईल, म्हणायची. कधी रागानं नाही, सरळ सांगायची. त्याची सख्खी भावजय तापलेल्या पोराला खांद्यावर घेऊन फाट्यावर उभी होती, तीसुद्धा यष्टीची वाट बघत राहिली. दादू गाडी कडेला घेऊन थांबला. यष्टी आली आणि ती चढून गेल्यावरच तो निघाला. बाहेरगावचे लोक बसायचे. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याच फाट्यावर रामा एकटा उभा होता, काखेत कुबडी. यष्टी आली होती, पण ती इतकी भरलेली की कंडक्टरनं दारातूनच हात हलवला. दादू मागून आला आणि थांबला. रामानं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग पुढचं दार उघडलं, कुबडी आत टाकली आणि बसला.

पालघरपर्यंत दादू खड्डे चुकवत होता. एका मोठ्या खड्ड्यात चाक गेलं तेव्हा रामानं दाताखाली ओठ धरला. दादूनं गाडी आणखी हळू केली. बाजारपेठेच्या तोंडाशी रामानं थांबवायला सांगितलं. उतरताना त्यानं खिशातून नोटा काढल्या.

दादू नको नको करू लागला.

"घे," रामा म्हणाला. "डॉक्टर घेत नव्हता. तू घे."

दादूनं हात पुढे केला. रामानं नोटा त्याच्या तळव्यावर ठेवल्या, कुबडी सावरली आणि बाजाराच्या गर्दीत शिरला. तो दिसेनासा झाला तरी दादूचा तळवा तसाच उघडा होता. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. तेव्हा त्यानं पैसे वरच्या खिशात ठेवले आणि गाडी गिअरमध्ये टाकली.